मिश्री कोण लावतं?

वच्छलाबाई पहिल्यांदा माझ्या गिरणीत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात ज्वारीचा डबा होता आणि दुसऱ्या काखेत नात होती. डबा खाली ठेवला, नात ठेवली नाही. मी म्हटलं, "बसवा की तिला ओट्यावर, हात भरून आला असेल." तर म्हणाल्या, "नाय वो काकू, हिचं वजन लागतच नाय मला."

कन्नडच्या पुढं घाटाकडच्या एका गावात सगळा जन्म काढलेली ही बाई. नवरा गेल्यावर शेत बटाईनं दिलं आणि मुलाकडं शहरात, आमच्या कांचनवाडीत राहायला आली. मुलगा शिवम चितेगावच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. सून सोनिया निराला बाजारात साड्यांच्या दुकानात काउंटरला बसते. दोघं कामाला गेल्यावर पोर कुणी सांभाळायचं, हा प्रश्न पडला तेव्हा "आई, तू ये" असा फोन गेला आणि आई दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं आली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्या घरात ते सगळेच विसरले.

वच्छलाबाई मिसरी लावायच्या. आजच्या पोरींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटानं दातांवर घासायची, ती मिसरी. कुणी मिश्रीही म्हणतं. पहिल्या बाळंतपणात यांची दाढ ठणकायला लागली तेव्हा औषध म्हणून जावेनं चिमूटभर दिली, आणि दाढ गेली तरी मिसरी काही गेली नाही. पुढचे दात काळे पडले, दोन पडून गेले, म्हणून बाई हसताना तोंडावर पदर घ्यायच्या. मी त्यांना कमी बोलले नाही. "टाका ती घाण नालीत," असं मी म्हटलं की "व्हय, टाकायचीच हाय" म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या गिरणीमागच्या नळावर उभ्या.

पण एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी रोज पाहिलेली आहे. मिसरी घासून झाली की त्या चूळ भरायच्या, कपड्याच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि मगच पोरीला घ्यायच्या. डबी कमरेच्या पिशवीत असायची. संस्कृतीचा, म्हणजे नातीचा, हात तिकडं वळला की एरवी जिच्या तोंडून शब्द फुटत नाही ती बाई खेकसायची.

संस्कृतीला दात यायला लागले तेव्हा ती समोर येईल ते चावायची. माझ्या चाळणीची कडसुद्धा तिनं सोडली नाही. लाळ गळून पुढचा कपडा ओला व्हायचा, अंग कोमट लागायचं, किरकिर नुसती. वच्छलाबाई धुतलेलं बोट तिच्या तोंडात द्यायच्या. "चाव माय, चाव. आजीचं बोट काय झिजत नाय." पोरगी हिरड्यांनी ते बोट करकचून धरायची आणि शांत व्हायची. सोनियानंही हे पाहिलेलं होतं. तेव्हा तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

दिवस आजीचा, रात्र आईची, अशी त्या घरातली वाटणी. रात्री सोनिया पोरीला बाटलीनं दूध पाजायची आणि त्या दुधात खडीसाखर कुटून घालायची. फोनवर कुणा बाईचं ऐकलं होतं म्हणे, की साखर म्हणजे विष आणि खडीसाखर मात्र थंड, दात येताना होणारी उष्णता ओढून घेते. शिवम शहागंजातून मोठ्या खड्यांची पिशवीच आणून ठेवायचा. पोरगी बाटली तोंडात धरूनच झोपायची आणि सकाळपर्यंत ते गोड दूध तिच्या दातांशी मुरत बसायचं. हे रात्रीचं मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं रामायण झालंच नसतं. पण भिंतीपलीकडचं मला कसं कळणार?

दातांचं आधी लक्षात आलं ते वच्छलाबाईंच्याच. पोरीला माझ्यासमोर उजेडात धरलं, वरचा ओठ हलकेच उचलला आणि म्हणाल्या, "काकू, बगा वो, हे पांढरं काय दिसायलं?" वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीच्या कडेला खडूनं ओढल्यासारख्या रेघा होत्या. मी म्हटलं, दाखवून घ्या. त्यांनी शिवमला सांगितलं. शिवम मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "दुधाचेच दात आहेत आई, पडणारच आहेत ते."

हे वाक्य ज्यानं कुणी पहिल्यांदा काढलं असेल त्याला माझ्यासमोर आणा. पडणार आहेत ते पोरगी शाळेत जायला लागल्यावर. तोवर तिनं खायचं कशानं? दुखलं तर रडायचं कुणाकडं? पण बाप म्हणाला पडणार, विषय संपला. पांढऱ्या रेघा तपकिरी झाल्या, दातांच्या कडा तुटायला लागल्या, पोरगी भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन थुंकायला लागली, तेव्हा कुठं शिवम आणि सोनिया तिला दातांच्या दवाखान्यात घेऊन निघाले. आजीलाही नेलं, कारण पोरगी दुसऱ्या कुणाकडं बसेना.

त्या दिवशी तिथं काय झालं ते मला पुढं तिघांनीही वेगवेगळं सांगितलं, म्हणून मी तिथं नसूनही मला ते पाठ आहे. डॉक्टरीणबाई इंदूरकडच्या, वयानं तरुण, मराठी बोलतात पण अर्धी हिंदी. बाहेर बाकड्यांवर रांग लागलेली. त्यांनी पोरीचं तोंड उघडून पाहिलं आणि सोनियाला विचारलं, "शुगर देता?"

"नाही मॅडम, साखर अजिबात नाही," सोनिया छातीवर हात ठेवून म्हणाली. तिच्या लेखी ते खरंच होतं.

डॉक्टरांनी पुन्हा तोंडात पाहिलं. "साखर नाही तर हे कशानं? ये तो मिश्री का काम है. मिश्री कोण लावतं घरात?"

दाराशी उभ्या असलेल्या वच्छलाबाईंनी ते ऐकलं. मिसरी त्या घरात एकच माणूस लावत होतं. त्या पुढं आल्या आणि म्हणाल्या, "मीच लावते, डाक्टर."

"रोज?"

"रोजच. सकाळी, आन् दुपारचा चहा झाला की."

"बंद करा आजी. आजच्या आज बंद. तुमच्या मिश्रीनंच हिचे दात खाल्लेत." मग ब्रश कसा करायचा ते सांगितलं, तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट घ्या म्हणाल्या, दात भरायला पुढची तारीख दिली आणि दुसरं पोर आत बोलावलं.

आता जरा थांबून बघा काय झालं ते. इंदूरकडं मिश्री म्हणजे खडीसाखर. डॉक्टरांना वाटलं, म्हातारी चोखणीला खडीसाखर लावून पोरीच्या तोंडात देते. सोनियाला वाटलं, सासू पोरीच्या हिरड्यांना भाजलेली तंबाखू चोळते. आणि वच्छलाबाईंना वाटलं, आपण आयुष्यभर जे स्वतःच्या दातांना लावलं ते आपल्या बोटांतून, आपल्या श्वासातून, आपण घेतलेल्या मुक्यांतून नातीला लागलं. एका शब्दाचे तीन अर्थ घेऊन तीन बायका त्या खोलीतून बाहेर पडल्या. शिवम होता की तिथं, धडधाकट. त्याला यातलं काहीच वाटलं नाही. तो गाडीची चावी शोधत होता.

घरी आल्यावर सोनियानं पोरगी सासूच्या हातातून काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून संस्कृती पाळणाघरात जायला लागली. वच्छलाबाईंचं अंथरूण आतल्या खोलीतून ओसरीत आलं. त्यांची वाटी आणि पेला वेगळा झाला. सोनिया भांडखोर मुलगी नाही, तिनं आवाजही चढवला नाही. शांतपणे सगळं वेगळं केलं. त्याचाच मला जास्त राग येतो. भांडली असती तर सासूनं दोन शब्द उलट तरी टाकले असते.

मला हे कळलं ते गल्लीतूनच, कारण अशा बातम्या पिठापेक्षा लवकर उडतात. "म्हातारी तंबाखू चोळायची म्हणे पोरीला!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच पिठाच्या हातानं सोनियाकडं गेले. म्हटलं, "ही बाई असलं करणार नाही. मी रोज बघते."

"काकू, तुम्ही बघत नव्हता तेव्हा करत असतील. मी स्वतः पाहिलंय त्यांना बोट तोंडात घालताना. आणि डॉक्टरांसमोर कबूल केलंय त्यांनी, आपल्या तोंडानं."

मी वच्छलाबाईंकडं गेले. त्या ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सरळ विचारलं, "तुम्ही लावलीत का पोरीच्या तोंडाला मिसरी?"

त्या दचकल्या. "अगं बाई! लेकराच्या तोंडाला कामून लावीन? माझी मीच लावायचे ना."

"मग कबूल काय केलंत?"

"डाक्टरनी इचारलं कोण लावतं. मी लावते. खोटं कशाला बोलू?" मग आवाज खाली गेला. "आन् लागलंच आसंल की वो. त्याच हातानं घ्यायचे तिला. डाक्टर शिकलेली बाई हाय, ती उगं म्हणंल का?"

मी उलट पावली सोनियाकडं. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता असंच म्हणणार त्या." शिवमला गल्लीत गाठलं. तो म्हणाला, "जाऊ द्या काकू, बायकांच्या भानगडीत मी पडत नाही." त्याच्या आईची ती भानगड. ज्या आईला त्यानं फोन करून बोलावून घेतलं होतं, तिची.

वच्छलाबाईंनी मिसरी त्याच दिवशी सोडली होती. डबी नालीत गेली. ज्यांनी हे व्यसन केलंय त्यांना ठाऊक आहे ते सोडताना काय होतं. डोकं फुटायची वेळ आली, पोट साफ होईना, हात कापायचे, झोप उडाली. त्या घरात कुणाला पत्ताही लागला नाही. त्या माझ्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि मी त्यांना बडीशेप द्यायचे. त्यांनी मिसरी सोडली याचा मला आनंद आहे, आजही आहे. पण ती अशी सुटायला नको होती.

संध्याकाळी सोनिया पोरीला घेऊन पाळणाघरातून परत यायची, तेव्हाचं मला बघवत नसे. पोरगी लांबूनच "आज्जी" म्हणून दोन्ही हात पसरायची आणि ही बाई नाकातोंडावर पदर आवळून मागं सरकायची. "आली का माय? जा घरात, जा," एवढंच म्हणायची. पोरीला वाटायचं, आजी लपाछपी खेळते. ती खदखदून हसायची. तुटक्या, काळ्या दातांनी.

आणि बाटली? बाटली चालूच होती. उलट पोरगी आजीवाचून रात्री रडायला लागली, म्हणून दुधात खडीसाखर वाढली. दात भरायची तारीखही टळली, कारण शिवमला सुट्टी मिळेना आणि दोषी सापडलीच होती, मग घाई कसली?

एके सकाळी संस्कृतीचा वरचा ओठ टम्म सुजलेला. अंगात ताप, तोंडात बोटसुद्धा घेऊ देईना. शिवम पहिल्या शिफ्टला गेलेला. सोनिया रडत माझ्याकडं आली, मी गिरणी बंद केली आणि रिक्षा थांबवली. वच्छलाबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांना कुणी चला म्हटलं नाही. मी म्हटलं, तर त्यांनीच मान हलवली. "मी नको. मी आल्यानं आजून वाढंल."

दवाखान्यात तीच डॉक्टरीणबाई. पोरीच्या हिरडीवर पू भरलेला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि सोनियाला विचारलं, "मिश्री बंद केली नाही तुम्ही?"

"केली मॅडम! आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, तर मी हातसुद्धा लावू देत नाही हिला."

"और दूध में?"

"दुधात? दुधात मिसरी कोण घालेल मॅडम?"

"क्यों? सगळेच घालतात."

मी पुढं झाले आणि म्हटलं, "डॉक्टर, एक सांगा. तुमची मिश्री दिसायला कशी असते?"

"कशी म्हणजे? सफेद. खडे असतात. शुगरच ती." त्यांनी हाताच्या चिमटीनं खडा दाखवला.

सोनिया खुर्चीवर बसली. तिच्या मांडीवर पोरगी, पोरीच्या पिशवीत बाटली, आणि बाटलीच्या तळाशी न विरघळलेला तो सफेद चुरा. डॉक्टरांनीच बाटली उचलून उजेडात धरली. मी त्यांना आमची मिसरी काय असते ते सांगितलं. त्यांनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मी आजींना किती बोलले त्या दिवशी." एवढं तरी त्या म्हणाल्या. मग त्यांनी सोनियाला समजावलं, की साखर, खडीसाखर, मध, गूळ, दातांना सगळं एकच. झोपताना बाटली नको, दूध पाजल्यावर ओल्या फडक्यानं दात पुसायचे, आणि या दुधाच्या दातांच्या मुळाशी पक्के दात वाढत असतात, म्हणून इथला पू तिथवर जाऊ शकतो. आधी औषधं दिली. सूज उतरल्यावर वरचे पुढचे दोन दात काढावे लागले, बाकीचे भरले.

घरी आल्यावर सोनिया ओसरीत थांबली. "आत्या, डॉक्टर खडीसाखर म्हणत होत्या. तुमची मिसरी नाही."

वच्छलाबाईंना समजायला वेळ लागला. "मंजी माझ्यामुळं नाय झालं?"

"नाही."

"पोरीला माझं काय लागलं नाय?"

"नाही आत्या." सोनियाचे डोळे भरले होते. ती पोरीला घेऊन आत गेली. वच्छलाबाई तिथंच खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. मी जवळ बसले. मला वाटलं, आता तरी संपलं.

कुठलं संपतंय! अंथरूण आत गेलं, पेला एक झाला, पाळणाघर बंद झालं. आणि ही बाई स्वतःच्या नातीला घ्यायच्या आधी दरवेळी सुनेकडं बघायची आणि विचारायची, "घेऊ का?" सोनिया म्हणायची, "घ्या ना आत्या, विचारता काय!" तरी पुढच्या वेळी पुन्हा "घेऊ का?" कडेवर घेतली तरी स्वतःचं तोंड भिंतीकडं वळवून उभी राहायची, श्वास पोरीवर जाऊ नये म्हणून. हे ऐकून, हे बघून माझा जीव जळायचा. चोरी न केलेल्या माणसाला घरात चोरासारखं वागायची सवय लावली यांनी, आणि वर म्हणतात विचारता काय!

संस्कृतीचा वाढदिवस आला. कन्नडहून शिवमचे चुलते काकासाहेब आले होते, कंपनीतले दोघे-चौघे मित्र होते, गल्लीतल्या आम्ही होतो. केक आणलाच होता. दातांचं सगळं शहाणपण त्या दिवसापुरतं खुंटीवर. पोरीनं बोळक्या तोंडानं मेणबत्ती फुंकली, ती विझेना, सगळे हसले. कुणीतरी विचारलं, हिचे पुढचे दात कुठं गेले?

आणि शिवम गोष्ट सांगायला लागला. आईची मिसरी आणि डॉक्टरची मिश्री. अगदी रंगवून. डॉक्टरांचा आवाज काढला, आईचा काढला. "मीच लावते, डाक्टर! रोजच लावते, चहा झाला की!" मित्र पोट धरून हसले. काकासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "वहिनी म्हंजे येकदम भोळी," ते म्हणाले. शिवम म्हणाला, "अहो काका, बिचारीला काय कळतंय!"

मी उठणारच होते. दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण माझ्या आधी वच्छलाबाई उठल्या. पदर तोंडावर नव्हता. मोठ्या माणसावर त्या बाईचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"लई हसलास रे शिवम. झालं का हसून?"

वच्छलाबाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"ही गिरणीवाली बाई मला इचाराया आली. परकी हाय ती. माझ्या जातगोताची नाय, गावची नाय. तिनं तोंडावर इचारलं, तुमी लावलीत का पोरीला? तू माझ्या पोटचा. त्या दवाखान्यात तू माझ्या बाजूला हुबा होतास. घरी आलास, जेवलास, माझं हातरूण भाईर टाकलेलं बघितलंस. इतके दिवस मी लेकराकडं लांबून बघत बसले, ते बी बघितलंस. येकदा तरी इचारलंस का, आई, तू लावलीस का?"

शिवमच्या हातात केकची प्लेट होती. ती तो खालीही ठेवेना.

"येकदा इचारलं आसतंस तर मी नाय म्हणले आसते. येवढंच करायचं होतं तुला."

मग त्या सोनियाकडं गेल्या, तिच्या मांडीवरून पोरीला सरळ उचललं, तिचं केकनं माखलेलं तोंड स्वतःच्या पदरानं पुसलं आणि तिला घेऊन बाहेर अंगणात गेल्या. माझ्यासाठी ठेवलेला केक मी खाल्ला नाही. मी उठले आणि त्यांच्यामागं बाहेर गेले.